टाचणीएवढा कान

३ मार्च

चि. भोंगा,

आशीर्वाद नेहमीचेच, पाकिटात मावतील तेवढे घे. आज बातमी मोठी आहे. तुझा बाप इंटरनेटवरून बोलायला लागला.

म्हणजे अजून कुणाशी बोललेलो नाही, पण तयारी पूर्ण आहे. कॉम्प्युटर घेतल्याचं मागच्या पत्रात लिहिलं होतंच. तुझी मावशी म्हणाली, "भाऊजी, या वयात?" मी म्हटलं, उभं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजच्या टेस्ट डेस्कवर काढलं, गावातल्या प्रत्येक बिघडलेल्या फोनची नाडी पाहिली, आता पोरीशी बोलायला तुझ्या झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरपाशी रांग लावू का? गप्प बसली. ती गप्प बसली ही खरं तर दुसरी बातमी.

आता प्रोग्रामचं सांगतो. फुकट आहे. दोन्हीकडे कॉम्प्युटर असला की कितीही बोला, मीटर पडत नाही. आधी स्वतःला एक नाव घ्यावं लागतं. माझं नाव कुणीतरी आधीच घेतलेलं. आडनाव लावलं, तेही गेलेलं. शेवटी 'टेस्टडेस्क' मिळालं, ते जगात कुणालाच नको होतं. आपण लाइनवर असलो की नावापुढे हिरवी खूण येते, नसलो की राखाडी.

आणि आत एक बाई आहे. तिला कॉल लावला की ती म्हणते, बीपनंतर बोला. आपण बोलायचं, मग ती आपलं बोलणं आपल्यालाच ऐकवते. मी म्हटलं, "हॅलो, टेस्टिंग, ऐकू येतंय का?" तर कानात एक खरखरीत म्हातारा मलाच विचारतोय, ऐकू येतंय का? मी दचकून हेडफोन काढला. तू करून पाठवलेली कवळी घट्ट बसवली, पुन्हा बोललो. म्हातारा तोच.

तुझा आवाज शेवटचा नवीन वर्षाला ऐकला. तीन मिनिटं, तीही तुझ्या सर्दीत. तू जन्मलीस तेव्हा दवाखान्याच्या फाटकात उभा असलेला आमचा लाइनमन म्हणाला होता, "साहेब, एवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला?" तिथून तुझं नाव पडलं. तो भोंगा मला तीन मिनिटांत पुरत नाही.

तेव्हा माइक असलेला हेडफोन घे. रविवार, २० मार्च, माझे संध्याकाळचे सहा, तुझी दुपार. मी बसलेला असेन.

तुझा,
बाबा

---

१३ मार्च

प्रिय बाबा,

तुमचा म्हातारा वाचून खूप हसले. कवळी सैल झाली असेल तर ठसा घेऊन पाठवा, दुसरी करते. लॅबमध्ये अजूनही सगळ्यांना सांगते की माझं सर्वांत चांगलं काम माझ्या वडिलांच्या तोंडात आहे.

प्रोग्राम उतरवला. हेडफोनही आणला, पण बाबा, माइक चालत नाही. मी बोलते ते पलीकडे जातच नाही. दुकानदार म्हणतो बदलून देतो, पण त्याच्याकडे सध्या माल नाही. त्यामुळे वीस तारखेचं जमेलसं दिसत नाही. ईमेलही टाकली आहे, पण तुम्ही ती आठवड्यातून एकदा उघडता, म्हणून हे पत्र.

बाकी ठीक. काम भरपूर. तुम्ही जपून राहा.

तुमची,
भोंगा

---

१३ मार्च

मावशी,

हे पत्र दुकानात उघडू नकोस आणि बाबांना दाखवू नकोस. आजच त्यांना लिहिलंय की माझा माइक चालत नाही. माइक ठणठणीत आहे. बिघाड माझ्यात आहे.

जानेवारीपासून आवाज बसलाय. आधी वाटलं, धूळ असेल. दिवसभर खोटे दात घासायचे म्हणजे मास्क लावला तरी पांढरी पूड घशात जातेच. लॅबमध्ये कुणाच्या लक्षातही आलं नाही. आम्ही ओळीनं बसतो, प्रत्येकीच्या हातात मशीन घरघरत असतं, बोलतं कोण? घरमालकीणबाईंना मात्र जिन्यावरच कळलं. त्यांनीच दवाखान्यात पाठवलं. मानेत डाव्या बाजूला गाठ आहे, वाटाण्याएवढी. घशातला एक पडदा हलत नाही म्हणतात. पुढच्या आठवड्यात सुई घालून गाठीतलं थोडं काढतील आणि तपासतील.

आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी आवाज.

बाबांचं पत्र आलं त्या दिवशी मी त्यांनी सांगितल्यासारखं सगळं केलं. हेडफोन लावला, त्या बाईला कॉल लावला आणि बीपनंतर म्हटलं, "हॅलो बाबा, ऐकू येतंय का?" मग कानात आई बोलली. आईसारखं कुणीतरी नव्हे, मावशी. आई. शेवटच्या महिन्यांतली, शब्दाच्या टोकाला हवा सुटणारी, वाक्य संपायच्या आत दमणारी. तिनं मला विचारलं, ऐकू येतंय का?

मी कॉम्प्युटरची वायरच ओढली. स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. थोड्या वेळानं येऊन पुन्हा लावला. खरं सांगू? दुसऱ्यांदा टेस्ट करायला नव्हता लावला. तिला ऐकायला लावला.

आईचं पहिल्यांदा कुणी ओळखलं, तुला आठवतं ना? बाबांनी एक्स्चेंजमधून घरी फोन केला, आईनं नुसतं "बोला" म्हटलं आणि बाबा म्हणाले, "तुझ्या आवाजात गळती आहे, उद्या डॉक्टरकडे जाऊ." आई ही गोष्ट येईल त्याला कौतुकानं सांगायची. माझ्या मनात ती तशीच रुतून बसलीय. मला रिपोर्टची जेवढी भीती वाटत नाही तेवढी बाबांच्या कानाची वाटते. रिपोर्ट चुकू शकतो. बाबांनी एकदा ऐकलं की मग ते झालंच.

तू कुणाला बोलू नकोस.

भोंगा

---

२३ मार्च

शहाणे,

तुझं पत्र दुकानातच उघडलं. 'दुकानात उघडू नकोस' हे आत लिहिलंस तर उघडल्याशिवाय मला कळणार कसं? समोर एक मुलगी तिच्या मार्कशीटच्या प्रती काढायला उभी होती. तिला मी एकाच पानाच्या सगळ्या प्रती दिल्या. परत आली भांडायला.

मी घाबरलेय, हे आधी लिहून टाकते. माझ्या बहिणीचं मी पाहिलंय, उशाशी बसून पाहिलंय. तुझं पत्र ब्लाउजमध्ये ठेवून दोन दिवस हिंडले, घरी कुठेही ठेवायला धीर होईना.

आता तुझ्या बापाचं ऐक. तुझी ईमेल त्यांनी उघडली नव्हती, त्यांचं पत्रही आलं नव्हतं, माझंच आधी आलं. रविवारी पाच वाजताच मला बोलावणं आलं, "ये, भोंगा वाजणार आहे." जाऊन बघते तर इस्त्रीचा शर्ट, दाढी, केस पाणी लावून बसवलेले. मी म्हटलं, "भाऊजी, तिकडे आवाज जाणार आहे, शर्ट नाही." तर म्हणाले, "आवाजाला कळतं." सहा वाजले, साडेसहा, सात. तुझ्या नावापुढची खूण राखाडीच. मी म्हटलं, काहीतरी अडचण असेल. मला ठाऊक होतं काय अडचण आहे, आणि मी त्यांच्या पाठीमागे खुर्चीत बसून स्वतःचं तोंड हातानं दाबून धरलं होतं. आठनंतर त्यांनी हेडफोन काढला. कानाभोवती लाल वळ उठले होते. म्हणाले, "लाइन खराब असेल." आणि मलाच पाणी दिलं.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुला माहीत आहे. तरी नाही बोलणार, शब्द दिला. पण पोरी, घाबरणं वेगळं आणि लपवणं वेगळं. तू दोन्ही एकाच पिशवीत भरलीस. आवाज ऐकवायचा नसेल तर निदान तोंड तरी दाखव त्यांना. ते आता कॅमेऱ्याच्या मागे लागलेत.

सुईचं काय झालं ते लगेच कळव.

तुझी मावशी

---

२४ मार्च

चि. भोंगा,

ईमेल उघडली, पत्रही आलं. माइकचं कळलं. घाबरायचं कारण नाही, मी आहे.

टेस्ट डेस्कवर आम्हाला पहिल्या दिवशी एक धडा देत. बिघाड कुठे आहे ते शोधत बसायचं नाही. तो कुठे नाही ते बघत जायचं. एक्स्चेंजमध्ये नाही, केबलमध्ये नाही, खांबावर नाही, असं करत करत जे उरेल तिथे तो असतो. तेच आपण करू.

गुलाबी पिन गुलाबी भोकात आहे का बघ. निळ्यात गेली तर ऐकू येतं पण बोलता येत नाही. मग पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात भोंग्याचं छोटं चित्र आहे (हो, तुझं चित्र आहे तिथे), ते उघड, माइकखाली 'बंद' अशी खूण नाही ना ते बघ. मग त्या बाईला कॉल लाव. तिला ऐकू आलं तर मला येणारच. दुसऱ्या कुणाचा हेडफोन मागून आण आणि तो लावून बघ. लॅबमधल्या एखादीकडे असेल.

हे सगळं ठीक निघालं तर मग एकच जागा उरते, बोलणारा. पण त्या बाबतीत तुझ्यावर कोण संशय घेणार!

मी कॅमेरा आणलाय. लहान डोळा, पडद्याच्या माथ्यावर चिकटून बसतो. चित्र थांबत थांबत येतं म्हणतात, माणूस हात वर करतो तो दिसतो आणि एकदम खाली आलेला दिसतो, मधलं काही नाही. चालेल. खोक्यावरचं नाव सोबतच्या चिठ्ठीत दिलंय, तूही तोच घे, म्हणजे काही अडलं तर इथून सांगता येईल. माइक नाही सुधारला तरी चेहरा दाखव, मी टाइप करेन. त्या इंग्रजी अक्षरांतून मला धड रागावताही येत नाही, पण बघू.

रविवार, १० एप्रिल. वेळ तीच. आणि त्या दिवशी हिरवी हो.

बाबा

---

१० एप्रिल

मावशी,

झालं एकदाचं. आज बाबांना तोंड दाखवलं.

सुईचं आधी सांगते. पहिल्या सुईत पुरेसं काही आलंच नाही. 'सांगता येत नाही' असा रिपोर्ट आलाय. पुन्हा घालणार आहेत. 'सांगता येत नाही' यासाठी एवढे दिवस झोप घालवली होती मी.

आता आजचं. मी उंच गळ्याचा स्वेटर घातला, खिडकीकडे पाठ केली म्हणजे चेहरा जरा अंधारात राहील. हेडफोनची पिन मागून उपटून टाकली. मग बाबांचा कॉल घेतला. आधी नुसतं करडं पडद्यावर, मग चौकोन चौकोन, मग त्या चौकोनांतून बाबा. मावशी, किती बारीक झालेत. शर्ट तोच निळा ना?

मी ठरवलं होतं तसं केलं. तोंड हलवलं. "कसे आहात, जेवलात का, काम चाललंय," सगळं बोलले, फक्त आवाज न काढता. हसले, हात हलवले, कपाळावर हात मारून माइककडे बोट दाखवलं. ते कानावरचा हेडफोन दाबून बसले होते. त्यांनी टाइप केलं, ऐकू येत नाही. मी टाइप केलं, माइक. त्यांनी टाइप केलं, हरकत नाही, बोलत राहा, बघायला बरं वाटतं.

मग मी बोलत राहिले. कितीतरी वेळ. आणि गंमत म्हणजे, मुक्यानं बोलताना मी त्यांना सगळं सांगितलं. गाठीचं, सुईचं, रात्री जाग येते ते. चित्र थांबत थांबत जात असणार, ओठांवरून काही कळायची भीती नव्हती. मध्येच चहाच्या किटलीनं शिटी दिली, ती बंद करून आले. घरमालकीणबाई डोकावल्या, काही हवंय का विचारून गेल्या. परत येऊन बसले तर बाबा तसेच, हेडफोन दोन्ही हातांनी दाबून, अगदी न हलता. वाटलं चित्र अडकलंय. मग त्यांनी डोळे मिटले तेव्हा कळलं की अडकलेलं नाही.

'पुरे आता, दमली असशील' असं टाइप करून त्यांनी बंद केलं.

निभावलं ना? मला स्वतःची लाज वाटतेय आणि सुटल्यासारखंही वाटतंय. तू काय ते सांग.

भोंगा

---

१० एप्रिल

भोंगा,

आत्ताच तुला बघितलं. मशीन बंद केलं आणि कागद घेतला. टेलिफोन करावासा वाटला, हातही गेला. पण तू उचलला नसतास तर मला ते सोसलं नसतं, म्हणून पत्र.

तू हेडफोन काढून ठेवला होतास. पण तुझ्या कॅमेऱ्याला स्वतःचा कान आहे. भिंगाखाली टाचणीएवढं भोक आहे, ते माइक. हेडफोन निघाला की प्रोग्राम आपोआप तो घेतो. माझ्याकडे तोच कॅमेरा आहे, मी पहिल्याच दिवशी खोक्यातला कागद वाचला होता.

मला तुझी खोली ऐकू येत होती. घड्याळ ऐकू आलं. खाली रस्त्यावरून एक मोठी गाडी गेली. कुठेतरी नळ ठिबकतोय तुझ्याकडे, वायसर बदलून घे. किटलीची शिटी आली, तू उठलीस ती खुर्ची घासल्याचं ऐकू आलं, पावलं ऐकू आली. एक बाई आल्या आणि तुझ्याशी काही बोलल्या. भाषा मला येत नाही, पण आजारी माणसाशी कोणत्या सुरात बोलतात ते सगळीकडे सारखंच असतं.

सगळं आलं. फक्त तू आली नाहीस. ओठ हलत होते, आणि तुझ्या ओठांमागे ते घड्याळ चाललं होतं.

मी विचारलं असतं तर तू आणखी काहीतरी कारण सांगितलं असतंस. म्हणून 'बोलत राहा' म्हटलं. म्हटलं, चुकून तरी एखादा हुंकार निघेल. खोकला, शिंक, काहीही. बिघाड कुठे कुठे नाही ते मी बघत गेलो, बेटा. लाइनमध्ये नाही. मशीनमध्ये नाही. माइकमध्ये नाही.

घाईनं खरडतोय, अक्षर लागलं नाही तर मावशीला विचार. नको, तिला नको. तिला अजून काही सांगितलेलं नाही, ती घाबरेल.

काय झालंय तुला?

बाबा

---

२० एप्रिल

बाबा,

तुमचं पत्र हातात घेऊन जिन्यातच बसले. घरमालकीणबाईंनी वर आणलं.

मानेत गाठ आहे. आवाज गेलाय. पूर्ण नाही, पण जो उरलाय तो आईचा आहे. दोनदा सुई घालून झाली. दुसऱ्या वेळीही नक्की काही सांगत नाहीत, म्हणतात काढल्यावरच कळेल. १९ मेला ऑपरेशन आहे. मावशीला माहीत आहे, मीच शपथ घातली होती, तिला बोलू नका. तुम्ही दोघं एकमेकांना घाबरवायचं नाही म्हणून एकाच गावात गप्प बसला होतात, हे वाचून मला हसू आलं आणि मग नाही आलं.

मी तुमच्यापासून का लपवलं ते सांगते, मग रागवा. आईच्या वेळी तुम्ही तिच्या एका शब्दावरून ओळखलं होतंत. डॉक्टरच्या आधी. मला वाटतं, जोवर तुम्ही ऐकलं नाही तोवर हे काहीतरी वेगळं असू शकतं, साधी गाठ, धूळ, काहीही. तुम्ही एक 'हॅलो' ऐकाल, आणि तुमच्या चेहऱ्यावर मला दिसेल. चित्र कितीही अडखळत आलं तरी दिसेल. बाबा, मला ते बघायचं नाही. मी मोठी बाई आहे, लोकांचे जबडे हातात घेऊन काम करते, आणि मला बापाच्या कानाची भीती वाटते.

कृपा करून फोन करू नका. त्या प्रोग्रामवरही कॉल लावू नका. पत्र लिहा. पत्राला आवाज नसतो.

भोंगा

---

२९ एप्रिल

चि. भोंगा,

रागावलो नाही. आधी तुझ्या मावशीकडे गेलो. मी दारात उभा राहिलो आणि तिनं नुसतं बघितलं माझ्याकडे. "कळलं का?" म्हणाली. मी मान हलवली. मग तिनं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि आम्ही दोघं त्या गरम मशीनपाशी बसलो. लोक वाकून आत बघत होते, प्रती निघतील का विचारत होते. ती म्हणत होती, "शाई संपलीय."

आता तुला एक गोष्ट सांगायची आहे. मी कुणालाच सांगितलेली नाही, कारण ती सांगण्यासारखी आहे असं कधी वाटलंच नाही.

तुझ्या आईच्या आवाजात मला काहीही ऐकू आलं नव्हतं.

मी एक्स्चेंजमधून फोन केला, ती "बोला" म्हणाली, इथवर खरं आहे. पुढचं तिनं रचलेलं. मी विचारलं, येताना काही आणायचंय का? ती म्हणाली, "काही नको. मी डॉक्टरांकडे जाऊन आले. तुम्ही बसलेले आहात ना? बसा आधी." ती तोवर दोनदा जाऊन आली होती, एकटी. समोर बसून सांगायचा धीर होईना म्हणून माझ्या फोनची वाट बघत होती. मी त्याच डेस्कवर बसलो होतो, कानाला तोच हेडसेट. मैलभर लांबच्या तारेला कुठे ओल लागलीय ते मला नुसत्या खरखरीवरून कळायचं, आणि माझ्या घरातला आवाज बसला होता तो कळला नव्हता. रोज ऐकत होतो ना, म्हणून.

हे तिनं ओळखलं. मला ते खात राहील हे तिला कळलं. दुसऱ्याच दिवशी शेजारणीला सांगताना मी ऐकलं, "यांनी नुसत्या एका शब्दावरून ओळखलं हो." मी आत होतो. बाहेर येऊन खोडायला हवं होतं की नाही, कोण जाणे. ती माझ्याकडे बघून हसली आणि मी गप्प बसलो. मग तीच गोष्ट घरात राहिली आणि तू तिच्यावर मोठी झालीस.

तेव्हा माझ्या कानात काही नाही, पोरी. तो रिपोर्ट देत नाही. त्याला फक्त माणूस ऐकायचा असतो.

रोज संध्याकाळी मी लाइनवर असतो. तूही असतेस, तुझी हिरवी खूण दिसते. तू दाबत नाहीस आणि तू नको म्हटलंस म्हणून मी दाबत नाही. दोन हिरवे ठिपके एकमेकांकडे बघत बसतात.

एक सुचवतो. रात्रपाळीला लाइनमन खांबावर चढला की दोन्ही हात अडकलेले असायचे, रिसीव्हर तोंडाशी धरता यायचा नाही. मग तो हातातल्याच पान्ह्यानं माऊथपीसवर दोनदा टकटक करायचा. म्हणजे, मी आहे, लाइन चालू आहे. डेस्कवरून आम्ही दोनदा टकटक करून उत्तर द्यायचो. तू बोलायला लागायच्या आधी मी घरी फोन केला की तुझी आई रिसीव्हर तुझ्यापुढे धरायची आणि तू चमच्यानं तो बडवायचीस. ते माझं तुझ्याशी पहिलं बोलणं.

रविवार, १५ मे. तू कॉल लाव. चित्र नको, माझं तोंड तुला बघायला लागणार नाही. बोलूही नकोस. दोनदा टकटक कर. बस्स.

आम्ही दोघांनी तिकडे यायला व्हिसाचे कागद टाकलेत. एकोणीसच्या आत मिळतील असं ऑफिसातली बाई म्हणत नाही. मावशीनं तिला सांगितलं, "तुमच्या सगळ्या प्रती जन्मभर फुकट काढून देते." तरी नाही म्हणाली.

बाबा

---

१५ मे

भोंगा,

हे पत्र तुला मिळेल तेव्हा एकोणीस तारीख होऊन गेलेली असेल. तरी लिहितोय, कारण आत्ता दुसरं काही करता येत नाही आणि उठवतही नाही.

तू कॉल लावलास. टकटक आली. मी टेबलावरचा चमचा घेऊन माइकवर दोनदा वाजवला. मग मी तुझ्या घड्याळाकडे कान लावून बसलो. मला वाटलं होतं तू पुन्हा टकटक करशील.

तू "बाबा" म्हणालीस.

तुला लाइनवर सांगितलं नाही ते इथे सांगतो. मी घाबरलो होतो. मावशीनं माझा दंड धरला होता तो अजून दुखतोय. सगळा जन्म जसं ऐकलं तसं ऐकलं, एकेक अक्षर उचलून बघितलं. घोगरा होता, हवा सुटत होती, मध्ये तुटत होता. तुझ्या आईसारखा होता का? होता आणि नव्हता. चांगला की वाईट? मला काही कळलं नाही, भोंगा. एवढा मोठा कान, आणि त्याला एवढंच कळलं की ही तू आहेस.

मग तू बोलत राहिलीस. ऑपरेशनचं सांगितलंस, टाके कुठे येतील ते सांगितलंस, भूल देणाऱ्या डॉक्टरनं दात मोजले तेव्हा तू त्याला त्याची दाढ बदलायला झालीय असं सांगितलंस ते सांगितलंस. मावशी हसली, मग रडली, मग मला म्हणाली, "तुम्ही रडू नका हं." दमलीस तेव्हा म्हणालीस, "जरा पडते, बंद करू नका." आणि पडलीस ती झोपलीस.

त्याला आता तास होऊन गेला. मावशी घरी गेली. मी हेडफोन लावून बसलोय. नळ अजून ठिबकतोय, वायसर बदललं नाहीस. खालून गाडी गेली. तुझा श्वास येतोय, आत जाताना थोडी शिटी वाजते.

मघाशी लाइन अडखळली. एकदम काहीच येईना. पडद्यावर खूण हिरवीच होती, पण कानात पोकळ. मी हलायलाही घाबरलो, हात लावला आणि तुटलं तर. नुसता बसून राहिलो.

मग आधी घड्याळ आलं. मग नळ. मग तू.

बाबा